अडकलेलं अस्वल

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाकडे त्याची मुलगी फक्त शनिवारी राहायला यायची. एरवी ती आईकडे आणि आईच्या नव्या नवऱ्याकडे असायची; त्याला ती काका म्हणायची. झोपताना तो तिला अस्वलाची गोष्ट सांगायचा आणि ऐन रंगात आली की थांबायचा. पुढचं ऐकायला तरी पोरगी हट्टाने येईल, असा त्याचा होरा. गेल्या खेपेला त्याने अस्वलाला दोन मजल्यांच्या मध्ये, अंधाऱ्या लिफ्टमध्ये अडकवून ठेवलं होतं.

या शनिवारी तिच्या अंगावर पांघरूण घालत त्याने विचारलं, "मग, कुठे होतो आपण?"

"अस्वल सुटलं, बाबा. काकांनी सोडवलं."

"काकांनी?"

"ते आत एकटंच आहे म्हणून मी रोज रडायचे ना! मग काका म्हणाले, त्याने लाल बटण दाबलं, दार उघडलं आणि ते घरी जाऊन झोपलं."

"काहीतरीच! अडकलेली लिफ्ट अशी उघडत नसते. वर जाऊन ब्रेक सोडावा लागतो, हाताने चाक फिरवून ती मजल्याला आणावी लागते. तुझ्या काकांना काय डोंबल कळतंय त्यातलं?"

"पण मला झोप लागली."

तिचं पांघरूण सारखं करत तो म्हणाला, "बरं, नवीन सांगू?"

"सांग. पण आजच संपवशील ना? पुढच्या शनिवारी मी यायची नाहीये."