काड्यापेटीवरचा वाघ

वाचनालयाच्या बालविभागातल्या बाईंचा घसा दुपारीच बसला होता. संध्याकाळी 'माझा संग्रह' हा कार्यक्रम होता, आणि बोलणाऱ्या मुलांना एकेक करून समोर बसवत त्या सकाळपासून तयारी करून घेत होत्या. शंख झाले, बटणं झाली, पिसं झाली. मुलं पाठ केलेलं धाडधाड म्हणायची आणि शेजारी बसलेले आईबाप ओठ हलवायचे. बाईंच्या टाचा ठणकत होत्या. घरी जावं आणि कुणाशी चकार शब्द बोलू नये, एवढीच इच्छा उरली होती.

सगळ्यात शेवटी तिसरीतली एक मुलगी आली. वडील तिला खारूताई म्हणत. ते घरांना रंग द्यायचं काम करत. नखांच्या कडांना पांढरा रंग अजून तसाच होता. त्यांनी जाडजूड अल्बम टेबलावर ठेवला. पानापानावर काड्यापेट्यांवरची चित्रं चिकटवलेली होती.

"हं, कर सुरू," ते म्हणाले.

"काड्यापेटी ही मानवाच्या अत्यंत उपयोगाची वस्तू आहे," खारूताईने छताकडे बघत सुरुवात केली.

एरवी बाईंनी गोडीगुलाबीने समजावलं असतं. आज तेवढं त्राण नव्हतं. "ते राहू दे गं. यातलं तुला आवडतं कुठलं?"

मुलीने वडिलांकडे पाहिलं. "जहाज," वडील म्हणाले.

"तुम्ही जरा खुर्च्या मांडू लागता का?" बाई म्हणाल्या.

ते लांब गेल्यावर खारूताई कुजबुजली, "खरं सांगू? एकही नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. "मग कशाला गोळा करतेस?"

"बाबा कामावरून आले की बोलतच नाहीत. जेवतात नि झोपतात. पण चित्रं चिकटवताना बोलतात. हे कुठे मिळालं, तेव्हा काय झालं... म्हणून मीच मागे लागते, चला, चिकटवू या." मग तिने विचारलं, "हे सांगू सगळ्यांना?"

"नको. ते तुमच्या घरातलं आहे. पण चिकटवताना बाबा काय सांगतात, ते सांग की."

"ते चालतं?"

"न चालायला काय झालं?"

संध्याकाळी खारूताई उभी राहिली, "मानवाच्या अत्यंत" म्हणाली आणि तिथेच अडकली. मागच्या रांगेतून वडिलांनी हळूच उरलेलं वाक्य पुरवलं. तिने ते ऐकलं नाही. पान उलटून ती म्हणाली, "हा वाघ. बाबा शिडीवरून पडले तेव्हा मिळाला."

लोक हसले.

"दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. त्यांनी दिला."

"आजोबा कुठले! माझ्याहून लहान होता तो," वडील मागून मोठ्याने म्हणाले. "दाढी पांढरी होती, एवढंच."

"मग तुम्हीच सांगा!"

सगळ्यांनी माना वळवल्या. वडील ओशाळून उठले आणि सांगू लागले. दोघांचेही हात प्लास्टरमध्ये. बिडी पेटवायला एकाने पेटी धरायची, दुसऱ्याने काडी ओढायची, आणि नर्स आली की पेटी उशीखाली. मुलगी मध्येच चूक काढत होती, ते तिची काढत होते. शंखवाल्या मुलाची आई घड्याळ बघू लागली. वेळ संपल्याची घंटा बाईंच्या मांडीवर होती. आधी हात उचलवेना म्हणून, आणि नंतर वाजवावीशी वाटेना म्हणून, त्यांनी ती वाजवली नाही.

बक्षीस शंखांना मिळालं. हॉल रिकामा झाल्यावर वडील बाईंपाशी आले. "आठवडाभर घोकून घेतलं होतं हो तिच्याकडून. तुम्ही शिकवलंत तरी काय?"

"काहीच नाही. दमले होते."

"मी पण," ते म्हणाले आणि शेजारच्या खुर्चीत मटकन बसले.

खारूताई अल्बम छातीशी धरून उभी होती. "घरी जाऊन चिकटवायचं ना?"

"आज नको गं. हात उचलवत नाही."

"मग चिकटवू नका. नुसतं सांगा."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. दोघं जिना उतरू लागली. बाईंनी एकेक दिवा बंद केला. जिन्यातून वडिलांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते.