दक्षिणेकडे तोंड केलं म्हणून

मित्रांनो, मी टीव्हीची एक जुनी डिश आहे आणि मी चिडलेली आहे. लोक मला छत्री म्हणतात. छत्रीला निदान पावसापुरता तरी मान असतो. माझ्या वाट्याला तेवढाही आला नाही.

कारखान्यात पत्रा दाबून मला खोलगट केलं, वर राखाडी रंग दिला. मुधोळला एका मास्तरांच्या घरावर मी बरीच वर्षं बिनतक्रार राबले. ते बदली होऊन गेले, तेव्हा भूषण नावाच्या डिशवाल्याने मला बोथ गावी आपल्या दुकानात आणलं आणि तिथून जवळच्या एका खेड्यात लक्ष्मणरावांच्या घरी बसवायला नेलं.

लक्ष्मणरावांचं त्या खेड्यात किराणा दुकान आहे. गाव टेकडीच्या पायथ्याशी, खोलगट जागेत. फोनला रेंज हवी तर टेकडी चढावी लागते. त्यांची मुलगी शुभांगी शिक्षक भरतीचा अभ्यास करत होती आणि त्याचे धडे रोज सकाळी टीव्हीवर फुकट लागायचे. बापाने बजावलं होतं, "या खेपेले पास झाली तर ठीक, नाई तर मांडव टाकतो." म्हणजे पोरीची सगळी भिस्त माझ्यावर.

भूषणने माझ्यासाठी घाम गाळला. अंगणात चिंच आडवी आली, गच्चीच्या मध्यावर पाण्याची टाकी. शेवटी गच्चीच्या दक्षिण कोपऱ्यात मोकळं आभाळ सापडलं आणि खाली चित्र लागलं. शुभांगीची आई मनकर्णाबाई धावत वर आली आणि तिने मला हळदकुंकू लावलं. मी किती फुशारले होते म्हणून सांगू!

तेवढ्यात लक्ष्मणरावांचे थोरले चुलतभाऊ नागोराव आले. "छत्रीचं तोंड दक्षिणेले? ते यमाची दिशा हाये! घरात पोरीचा अभ्यास, अन् काऊन असं करून राह्यला?"

"काका, सिग्नल तिकडूनच येते," भूषण म्हणाला. नागोरावांनी डोळे वटारले, तसा तो "तुमची मर्जी" म्हणत पिशवी उचलून चालता झाला. सगळं ठाऊक असून गेला, त्याचाही मला राग आहे.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मणरावांनी पाना आणून माझं तोंड उत्तरेला फिरवलं. उत्तरेला काय, तर टेकडी! समोर नुसते साग. खाली पडदा काळा पडला आणि शिव्या कोणाला? मला! डबडं काय, भंगार काय! पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या गावात सिग्नलच पकडत नाई." अहो, मी पकडायला एका पायावर तयार होते, तुम्हीच माझी मान मुरगळून ठेवलीत! माझ्या खांबाला दोरी बांधून गोधड्या वाळत घातल्या. कावळ्यांनी माझं काय केलं ते सांगण्यासारखं नाही.

शुभांगी फोन घेऊन टेकडीवर जाऊ लागली. तेही बापाने बंद केलं, एकट्या पोरीने रानात जायचं नाही म्हणून. खाली नाही, वर नाही, मग तिने शिकायचं कुठे? रागाने माझा पत्रा तापला.

एका सकाळी बाप दुकानात असताना ती पाना घेऊन गच्चीवर आली. मला सोडवलं आणि भूषणच्या नटांनी खांबावर उमटलेल्या जुन्या खुणेकडे हळूहळू वळवू लागली; खाली पडद्यासमोर मनकर्णाबाई बसली होती.

"आई, आलं का?"

"नाई... आलं, आलं! गेलं वो माय! मांगं घे, मांगं! हां, आलं! हलवू नको आता!"

हा आरडाओरडा ऐकून लक्ष्मणराव दुकान सोडून वर आले. "कोनं फिरवली छत्री?"

"म्या फिरवली."

"तुले दिशा समजत नाई का?"

"बाबा, लहानपनी पाटी गिरवाले तुमी मले बासरच्या सरस्वतीकडं नेलं होतं," शुभांगी म्हणाली. "ते देऊळ कोन्या दिशेले हाये?"

लक्ष्मणराव माझ्या तोंडासमोरच्या मोकळ्या आभाळाकडे बघत राहिले. बासरची वाट दक्षिणेला उतरते, हे का त्यांना ठाऊक नव्हतं? त्यांनी तिच्या हातातून पाना घेतला. आता पुन्हा मान मुरगळणार म्हणून मी दात खाल्ले. पण त्यांनी मला होतं तिथेच ठेवून एकेक नट घट्ट आवळला आणि मान वर न करता म्हणाले, "खाली जा. धडा चालू हाये."

मित्रांनो, माझा राग अजून उतरलेला नाही. निम्मे धडे निघून गेले, ते पुन्हा लागायचे नाहीत, आणि परीक्षा तोंडावर आली आहे. माझ्या अंगावर खुशाल गोधड्या वाळवा, मी सोसेन. पण पाना घेऊन गच्चीवर येण्याआधी, खाली पडद्यासमोर वही उघडून कोण बसलं आहे, ते एकदा बघून येत जा.