लीट्रिम, एका गुणाने

दर सोमवारी सकाळी सगळं आयर्लंड आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचं आणि मला पाय ठेवायला जागा उरायची नाही. माझा थोरला भाऊ मलाकी टेबलाशी डोळे मिटून बसलेला असे. हातात पेन्सिल, पुढ्यात शाळकरी वही आणि तोंडानं पुटपुट चाललेली, "केरी वर... मेयो जरासं खाली... लाउथ, काय केलंस गं बाई हे..." मी ठेवलेला चहा तिथेच गार व्हायचा. कोणत्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, फुटबॉल संघ कितव्या क्रमांकावर आणि येत्या रविवारी कोण कुणाला किती गुणांनी हरवणार, हे ठरवणं त्याच्याकडे होतं. बुधवारी ते आमच्या साप्ताहिकाच्या मागच्या पानावर छापून येई. टाइप मी करायची, कारण त्याचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नाही.

"डोळे कशाला मिटतोस?" मी एकदा विचारलं होतं.

"नळ्या दिसतात," तो म्हणाला.

मलाकीनं अडतीस वर्षं डेअरीत दूध तपासलं. काचेच्या नळीत दूध घ्यायचं, फिरवायचं आणि वर किती साय येते ते उजेडात धरून बघायचं. घरी आल्यावर त्याला तशाच चौतीस नळ्या दिसायच्या, लाकडी घोडीत ओळीनं उभ्या. एक संघ हरला की त्याच्या नळीतली थोडी साय जिंकणाऱ्याच्या नळीत. मोठ्या फरकानं हरला तर जास्त. स्वतःच्या मैदानावर खेळणाऱ्याच्या बाजूनं तीन गुण आधीच धरायचे. फेब्रुवारीतला विजय अर्धाच मोजायचा, कारण फेब्रुवारीच्या चिखलात कुणीही कुणाला हरवतं. लंडन आणि न्यूयॉर्कलाही नळ्या होत्या, आपलीच पोरं तिथं जाऊन खेळतात म्हणून. किल्केनीची नळी मात्र कायम कोरडी. तिथले लोक फुटबॉल खेळतच नाहीत, त्यांना काठीच्या खेळाचं वेड. तरी मलाकी ती घोडीतून काढायचा नाही. "रिकामी आहे म्हणून काय फेकून द्यायची?" म्हणायचा.

आणि आमच्या लीट्रिमच्या नळीत तळाशी बोटभर. तिसावा क्रमांक, फार तर एकोणतिसावा.

ऐकून ऐकून मलाही त्या दिसू लागल्या. सकाळी कपडे वाळत घालायला बाहेर जावं तर समोर तळ्यावर धुकं उचलत असायचं, आणि वाटायचं, ही साय वर येते आहे, आज कुणाची तरी नळी भरणार. मग हातातली ओली चादर तशीच धरून मी किती वेळ उभी राहायची. मलाकीला येडा म्हणायचा मला काही अधिकार नव्हता.

त्या धुक्याच्या पलीकडे आमचा धाकटा भाऊ फिन्टन राहायचा. होडीनं वीस मिनिटं, रस्त्यानं अकरा मैल. दोघा भावांना एकमेकांच्या धुराड्याचा धूर दिसायचा. एखाद्या सकाळी आमचा धूर उशिरा निघाला तर शुक्रवारी मी होडीनं त्याच्याकडे गेले की फिन्टन मला विचारायचा, "त्याला बरं नव्हतं का?" नाव घ्यायचा नाही. मलाकीही विचारायचा, "पलीकडे सगळं ठीक?" जसं काही पलीकडे फक्त झाडंच होती. बावीस वर्षं दोघांनी एकमेकांशी एक शब्द काढला नव्हता.

फिन्टन लीट्रिमचा गोलकीपर होता आणि कप्तानही. बावीस वर्षांपूर्वी रॉसकॉमनशी सामना होता, आणि त्या बुधवारी मलाकीनं लिहिलं, "रॉसकॉमन, नऊ गुणांनी." रविवारी संघाच्या बसमध्ये तो पेपर या हातातून त्या हातात गेला. तसे आमच्या गावात सगळेच म्हणतात की आपण हरणार, त्याला कुणी भीक घालत नाही. पण मलाकीचा आकडा म्हणजे डेअरीचा आकडा. त्यावर कुणी वाद घालत नसे. पेपर मागच्या बाकापर्यंत गेला आणि बस गप्प झाली, असं फिन्टन सांगायचा. त्या दिवशी त्यानं दोन गोल खाल्ले, एकेक तीन गुणांचा. लीट्रिम हरली, बरोबर नऊ गुणांनी. संध्याकाळी फिन्टन आमच्या दारात आला, मलाकीला म्हणाला, "आम्ही मैदानावर हरलोच नाही. तू आम्हाला बसमध्येच हरवलंस," आणि गेला.

आता फिन्टन कायमचा निघाला होता. बायको गेल्यापासून त्याचं घरात मन लागेना, मुलगी बोस्टनला, ती बोलवत होती. घर विकलं होतं. मंगळवारचं विमान होतं. त्याच्या आदल्या रविवारी आमच्या कॅरिकच्या मैदानावर लीट्रिम आणि रॉसकॉमन पुन्हा समोरासमोर येणार होते. मला सामन्याचं काही पडलं नव्हतं. मंगळवारच्या आत हे दोघे एकदा बोलावेत, एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी काय करावं ते सुचत नव्हतं म्हणून मी सगळ्यांवर चिडत होते, कोंबड्यांवरसुद्धा.

फिन्टनला न्यायला आईचा फोटो द्यावा म्हणून सामन्याच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारी, मी माळ्यावरची ट्रंक उघडली. फोटो मिळाला नाही. मिळाल्या मलाकीच्या जुन्या वह्या, वर्षावार बांधलेल्या. त्या वर्षाची वही मी रागानंच ओढून काढली. म्हटलं, बघू तरी ते नऊ कुठून आले.

उजव्या पानावर पेपरातलं कात्रण चिकटवलेलं होतं, मीच टाइप केलेलं, "रॉसकॉमन, नऊ गुणांनी." डाव्या पानावर त्याच सोमवारची आकडेमोड, पेन्सिलीत. सगळी वजाबाकी होऊन शेवटी दोन रेघा मारून लिहिलेलं होतं, "लीट्रिम, एका गुणाने."

मी ती वही घेऊन खाली आले आणि त्याच्या पुढ्यात आपटली. चहा सांडला.

"हे काय आहे?"

मलाकीनं पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नळ्या काय सांगत होत्या ते."

"मग पेपरात नऊ कुठून आले?"

"मनानं घातले."

"मनानं? अरे, त्या पोरांनी तो कागद वाचून हाय खाल्ली!"

"मग काय लिहायला हवं होतं मी? लीट्रिम जिंकणार म्हणून?" त्याचा आवाज चढला. "सख्खा भाऊ गोलमध्ये उभा, आणि मी छापून जिंकणार म्हणू? दृष्ट लागली असती त्याला!"

मी फडकं घेऊन सांडलेला चहा पुसायला लागले. कारण ते खरं होतं. आमच्याकडे आपल्या संघाबद्दल चांगलं बोलायची रीतच नाही. रविवारचं काय, असं कुणी विचारलं की मान हलवून म्हणायचं, "धुलाई होणार आपली." शंभर टक्के जिंकणार असलो तरी हेच म्हणायचं. मी स्वतः आयुष्यभर हेच म्हणत आले. मलाकीनं भावाचं भलं व्हावं म्हणून गावच्या रीतीनं वागायचं ठरवलं, जन्मात एकदाच, आणि नेमकं त्याच्या आकड्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

"पण नऊच का रे?" मी विचारलं.

"एक-दोन लिहिले असते तर मी घाबरलोय हे कळलं असतं."

"कुणाला?"

"दृष्टीला," तो म्हणाला. चेष्टा नव्हती ती.

"बावीस वर्षं सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? आकडा खोटा लिहिला म्हणून? अडतीस वर्षं दूध तपासलं, नोरीन, एका थेंबाचा कमीजास्तपणा केला नाही. आणि एकदा केला तो त्याच्याच बाबतीत." त्याचे डोळे भरून आले, आणि मला इतकी दया आली आणि इतका राग आला की आधी काय करावं ते कळेना.

वही घेऊन मी होडीत बसले. दुपार असूनही तळ्यावर धुकं होतं. वल्ही मारताना किनारा दिसेना, आवाज ऐकू येईना. आपण कुठल्या तरी मोठ्या नळीच्या आतून वर वर चाललो आहोत असं वाटत राहिलं. मध्येच मागं वळून पाहिलं तर आमचं घर नव्हतं आणि पुढे त्याचं घर नव्हतं. दोन्हीकडचा धूर तेवढा धुक्यात मिसळला होता. मला तिथंच थांबावंसं वाटलं. बावीस वर्षं मी तिथंच तर होते.

फिन्टन बॅगा भरत होता. मी वही उघडून त्याच्या हातात दिली आणि मलाकी जे बोलला ते शब्दन् शब्द सांगितलं. त्यानं डावं पान वाचलं, उजवं वाचलं, पुन्हा डावं वाचलं.

"मूर्ख," तो म्हणाला. मग, "चहा घेणार?"

चहा देऊन तो पुन्हा बॅगा भरायला लागला. वही मात्र त्यानं परत दिली नाही.

सोमवारी मलाकी टेबलाशी बसला. डोळे मिटले, पुटपुटला, पेन्सिल थांबली. मी टाइपरायटरशी होते.

"लिही. रॉसकॉमन, सात गुणांनी."

"नळ्या काय म्हणतात?"

तो वहीची कड दुमडत बसला.

"मलाकी."

"एक," तो म्हणाला. "आपल्या बाजूनं. परत एकच, नोरीन."

"मग?"

"सगळी काउंटी मला फाडून खाईल. आणि हरलो तर?"

"तर हरलो. पोरं हरायला शिकलेली आहेत. तुझा भाऊ पुढच्या मंगळवारी जातोय रे."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मग उठला, मला बाजूला सारलं आणि दोन बोटांनी स्वतः टाइप केलं. एकेक कळ दाबायला त्याला युग लागत होतं.

बुधवारी हाहाकार झाला. खाटिकानं माझ्या पुडक्यात नुसती हाडं बांधली. "नोरीन, तुझ्या भावाचं डोकं ठिकाणावर आहे ना? जिंकणार म्हणून छापलंय! आता मेलोच आपण." पोस्टातल्या बाईनं माझ्याकडे पाहून छातीवर क्रॉसची खूण केली. पाद्रीबाबांनीसुद्धा चर्चच्या दारात मलाकीचा हात धरून हळूच म्हटलं, "बाबा रे, आमचं काय चुकलं होतं?"

रविवारी भुरभुर पाऊस होता. हिरवे-सोनेरी झेंडे भिजून जड झाले होते. आमच्याभोवती कुणी बसेना, बाकाच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी. फिन्टन समोरच्या गोलच्या मागं उभा होता, जुने गोलकीपर उभे राहतात तसा, एकटा. मलाकीनं सबंध सामनाभर डोळे मिटून ठेवले. मी त्याला सांगत होते. चेंडू बारच्या वरून गेला की एक, जाळ्यात गेला की तीन. आम्ही एकानं पुढे, मग बरोबरी, मग ते दोनानं पुढे. शेवटच्या मिनिटाला लीट्रिम एका गुणानं पुढे होती. एकाच. सगळं मैदान गप्प झालं, पाऊससुद्धा पडताना दिसत होता पण ऐकू येत नव्हता, आणि मला खरोखर वाटलं की आमची नळी काठोकाठ भरते आहे.

रॉसकॉमनवाल्यानं लांबून चेंडू उंच टाकला. आमचा गोलकीपर उडाला, चेंडू बोटांना लागला, ओला होता, निसटला. जाळ्यात गेला.

दोन गुणांनी हरलो. शिट्टी झाली आणि एकेक मान आमच्याकडे वळली. मलाकी डोळे उघडायला तयार नव्हता.

माणसं बाजूला सरकली तेव्हा मी पाहिलं, फिन्टन मैदान आडवं तुडवत आमच्याकडे येत होता. बाकापाशी येऊन उभा राहिला. टोपीतून पाणी गळत होतं.

"केलंस ना वाटोळं?" तो ओरडला. "तुला कुणी सांगितलं होतं खरं छापायला? गाढवा!"

मलाकीनं डोळे उघडले.

"एकाचाच तर प्रश्न होता," तो म्हणाला.

"बावीस वर्षांपूर्वी लिहायचं होतंस."

"तेव्हाही हरला असतास."

"हरलो असतो," फिन्टन म्हणाला. आवाज खाली आला होता. "पण मैदानावर हरलो असतो."

मग तो आमच्या शेजारच्या त्या मोकळ्या जागेत बसला. मी डबा काढला. हॅमची सँडविचं भिजली होती. दोघांनी ती खाल्ली आणि त्या पोराच्या बोटांतून चेंडू कसा निसटला यावर तोंडात घास असताना भांडायला लागले. फिन्टनचं म्हणणं, ढकललं त्याला. मलाकीचं म्हणणं, तू कुठून बघणार, तुझ्या चष्म्यावर पाणी होतं. मैदान रिकामं झालं तरी ते उठेनात. मी रडत होते आणि दोघांपैकी एकाचंही लक्ष नव्हतं.

मंगळवारी फिन्टन गेला. जाताना दारात वही ठेवून गेला. ट्रंकेत टाकण्याआधी मी ती उघडली. त्या आठवड्याचं उजवं पान होतं, नऊ गुणांचं कात्रण जागच्या जागी. डावं पान नव्हतं. ब्लेडनं अगदी शिवणीलगत कापून घेतलं होतं.

मी वही मलाकीला दाखवली. त्यानं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, दोनदा.

"चोर लेकाचा," तो म्हणाला. खिडकीबाहेर, तळ्याच्या पलीकडे, आज धूर नव्हता. त्यानं पेन्सिल घेतली, डोळे मिटले आणि सोमवारचं राहिलेलं काम केरीपासून सुरू केलं.