दोनशे अकरा पोथ्या आणि एक

ग्रंथालयातल्या हस्तलिखित विभागाच्या प्रमुखांना सगळे ‘तगादे’ म्हणत. हे आडनाव नव्हे, कर्तृत्व. कुणी विद्वानाने सहा-सातशे वर्षांपूर्वीची पोथी अभ्यासासाठी घरी नेली की मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी हे त्याच्या दारात उभे. वर्षातून एकदा मोजणी असे आणि त्या आठवड्यात बाहेर गेलेली प्रत्येक पोथी फळीवर परत आलीच पाहिजे, असा जुना नियम होता. तो कुणीतरी पाळतो आहे, हे ग्रंथालयाने पहिल्यांदा पाहिले ते तगाद्यांच्या काळात.

यंदाची मोजणी बुधवारी संपली. दोनशे बारा पोथ्या, सगळ्या जागेवर. खाली तगाद्यांची सही. शुक्रवारी दुपारी वरच्या मजल्यावरच्या विजेच्या तारांनी पेट घेतला.

संचालकांनी तीन रकान्यांची यादी मागितली: जळाल्या, बिघडल्या, शाबूत. तिसरा रकाना केवळ कागद भरलेला दिसावा म्हणून होता.

बंद पोथी सहसा पुरती जळत नाही. कडांचा कोळसा होतो, पाठ निखळते, पण पाने एकमेकांना इतकी बिलगून असतात की मधला तळहाताएवढा गाभा उरतो. असे गाभे पत्र्याच्या तबकांत मांडून तगादे सात आठवडे बसले. अक्षरे बहुतेक गेली होती, पण भोके शाबूत होती. प्रत्येक पोथीला कसरीने पाडलेल्या भोकांचे नकाशे त्यांनी फावल्या वेळात पेन्सिलीने काढून घरी ठेवले होते. लोक त्यावर हसत. पण किडा एकदा पोथीत शिरला की शेवटच्या पानापर्यंत जातो. विद्वानांबद्दल असे म्हणता येत नाही. नकाशा आणि गाभा जुळवत जुळवत दोनशे अकरा पोथ्यांची ओळख पटली. सगळ्या पहिल्या दोन रकान्यांत गेल्या.

दोनशे बारावी शोधायची गरज नव्हती. विहिरी कुठे आणि कशा खणाव्यात हे सांगणारी ती पोथी, जगात एकुलती एक, गेली एकोणीस वर्षे त्यांच्या थोरल्या बहिणीच्या घरी होती. दाजी निवृत्त प्राध्यापक. पोथी छापणार होते. प्रस्तावना चालू होती. दर मोजणीच्या आधी तगादे तिथे जात, ताई चहा टाकी आणि विचारी, की आता भावाने बहिणीच्या नवऱ्यामागे तगादा लावायचा का? तगादे चहा पिऊन परत येत आणि वहीत ‘जागेवर’ असे लिहीत. उभ्या नोकरीत ते वर्षाला एकच खोटे बोलत. या बाबतीत त्यांचा हात धरणारे दुसरे कुणी त्या इमारतीत नव्हते.

यादी पुरी करण्याआधी ते दाजींकडे गेले. दाजींनी चेहरा पाडून दार उघडले. फार वाईट झाले म्हणाले, आणि मग, बिचारी विहिरींची पोथीही त्यातच गेली म्हणायची. तगादे त्यांच्या पाठीमागच्या कपाटाकडे पाहत राहिले. खालच्या कप्प्यात, जुन्या डायऱ्यांच्या चळतीखाली, फडक्यात बांधलेली पोथी दिसत होती.

“अरे, बघतोस काय?” दाजी म्हणाले. “कागदोपत्री ती त्या दिवशी फळीवर होती. सही तुझी आहे. जळाली म्हणून लिही, तूही सुटलास, मीही सुटलो. इथे ती सुखरूप आहे. तुझ्याकडे असती तर?”

ताईने कप पुढे केला. “बाबू, नोकरीचे चार महिने राहिलेत तुझे. नाव कमावलंयस, ते घेऊन गुपचूप घरी ये.”

तगाद्यांनी चहा तसाच ठेवला. घरी येऊन त्यांनी देवघेवीची वही काढली. मोजणीच्या आदल्या महिन्यात साठ पोथ्या बाहेर होत्या. एका संशोधकाच्या विधवेने विनवले होते, यांच्या टेबलावर अजून आठवडाभर राहू द्या, टेबल अगदी रिकामं दिसतं हो. तगाद्यांनी नियम सांगितला होता आणि पोथी काखेत मारून ते निघाले होते. ती आता सत्तावन्न नंबरच्या तबकात होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिसऱ्या रकान्यात एक ओळ लिहिली: पोथीचे नाव, दाजींचा पत्ता. आणि खाली: ‘मोजणीतील ही नोंद एकोणीस वर्षे खोटी आहे. सही माझी.’

संचालकांनी ते दोनदा वाचले आणि आगीनंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला. ग्रंथालयाला एका चांगल्या बातमीची फार निकड होती. एका जाणत्या विद्वानाच्या दूरदृष्टीने अमूल्य ठेवा बचावला, असे वर्तमानपत्रांत आले. त्या तारांबद्दल आपल्याला पहिल्यापासून शंका होती, असे दाजींनी वार्ताहरांना सांगितले.

तगाद्यांची चौकशी लागली. चौकशी अधिकारी भला माणूस होता. त्याने विचारले, एकोणीस वर्षे ती पोथी परत का आणली नाहीत?

“दाजी आहेत.”

“आणि बाकीच्या साठ?”

“त्या आणल्या.”

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवले. “खोट्या नोंदीला आमच्याकडे कलम आहे,” तो म्हणाला. “साठ परत आणल्या, त्याला नाही.”

तगाद्यांचा निरोपसमारंभ रद्द झाला. दाजींचा सत्कार त्याच तारखेला ठरला, कारण सभागृह आधीच घेऊन ठेवले होते. ताईचा फोन आला: ये, पण पुढे बसू नकोस, यांना अवघडल्यासारखं होतं. तगादे मागच्या रांगेत बसले. दाजी आपल्या प्रस्तावनेवर पाऊण तास बोलले, ती अजून चालू होती. शेवटी संचालकांनी जाहीर केले, की नवी इमारत होईपर्यंत पोथी तिच्या रक्षणकर्त्याकडेच राहील. टाळ्या बराच वेळ वाजल्या.

बाहेर ताईने गर्दीतून वाट काढत येऊन भावाचा हात धरला. “बघ, उगीच जिवाला लावून घेत होतास. झालं की नाही सगळ्यांच्या मनासारखं?”

तगाद्यांनी मान डोलावली. तिचे चुकत नव्हते. पोथी ठेवायला त्या कपाटाहून सुरक्षित जागा आता शहरात उरली नव्हती. साठ होत्या, त्या त्यांनी एकेक करून, स्वतः जाऊन, रिकाम्या केल्या होत्या.