तळघरातली बैठक

"मेणबत्त्या कसल्या आणल्यात हो तुम्ही? विझतायत सारख्या!" मॅनेजरसाहेब तळघरातून माझ्यावरच खेकसले.

मी या वाइनरीची गाइड. सकाळी द्राक्षबाग, दुपारी वाइन चाखणं, संध्याकाळी परत, अशा सहली आखणं हे माझं बारा वर्षांचं काम. उद्या चाळीस पाहुणे यायचे होते, बहुतेक सगळी निवृत्त मंडळी. साहेबांच्या डोक्यात यंदा नवंच खूळ शिरलेलं. वाइन चाखायची ती तळघरात, मेणबत्त्यांच्या उजेडात, जमिनीवर गाद्या टाकून!

"साहेब, आधी वर या," पायरीवरून नाना म्हणाले. नाना इथले सगळ्यांत जुने कामगार.

साहेब वर आले ते धापा टाकत, कपाळ दाबत.

"मेणबत्ती चांगली आहे, हवा वाईट आहे," नाना म्हणाले. "शेजारच्या टाक्यांत रस आंबतोय. त्याचा वायू जड, खाली येऊन साचतो. वास नाही, काही नाही. बसलेला माणूस बसल्या जागी जातो. पंधरा दिवस कुणी खाली उतरायचं नाही."

"पंखा लावू एक. कार्यक्रम छापून झालाय!" साहेब माझ्याकडे वळले. "ताई, उद्या तीन वाजता तळघरच. जमत नसेल तर दुसरी गाइड बघतो."

खोटं कशाला बोलू, मी मान डोलावली. घरी गेल्यावर स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तीनला चाळीस जणांना घेऊन मी तिथं पोचले, तर तळघराच्या बंद दाराला खुर्ची लावून नाना बसलेले. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले.

"उठा," साहेब हसऱ्या चेहऱ्यानं दातांतल्या दातांत म्हणाले, "नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"बरं," नाना म्हणाले. "आज आहे ना मी."

मला काय झालं कोण जाणे, मी मोठ्यानं ओरडले, "मंडळी, हे आमचे नाना! तीस वर्षं वाइन करतायत. फोटो हवा असेल त्यांनी रांग लावा!"

रांग लागली. एक आजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, एका आजोबांनी दोनदा फोटो काढून घेतला. परतायची वेळ होईपर्यंत नाना खुर्चीतून हलले नाहीत. प्रत्येक फोटोत हसले.

सगळे गाडीत चढल्यावर मी मागे वळून पाहिलं. साहेबांनी हात पुढे केला होता, आणि नाना जुडग्यातून एकेक किल्ली सोडवत होते.