चौथ्या खोलीतला उजेड

फेब्रुवारीतली सकाळ शाळेत आधी कौलांवरून शिरे. मग ती सावकाश व्हरांड्याच्या खांबांवरून उतरे, पाण्याच्या टाकीच्या ओल्या तोटीवर क्षणभर थांबे, मैदानातल्या धुळीला पिवळसर करीत पायऱ्यांपर्यंत येई आणि पहिल्या तीन खोल्यांच्या खिडक्यांतून सरळ आत जाऊन बाकांवर बसे. चौथ्या खोलीपाशी मात्र तिला जांभळाचे झाड भेटे. त्या दाट, कधीच पुरत्या न गळणाऱ्या पानांतून ती गाळून आत येई तेव्हा तिच्यात ऊन उरलेले नसे. भाताच्या पेजेसारखा पातळ, कोमट उजेड तेवढा फरशीवर पसरलेला असे. राजदीपला तो दिवसेंदिवस कमी होत चालल्यासारखा वाटे.

राजदीप मेश्राम केशोरीहून गोंदियाला आलेला शिक्षणसेवक. शहरातल्या या शाळेत त्याची तीन वर्षे जूनमध्ये पुरी होत होती. मग वैद्यकीय दाखला दिला की तो कायम होणार होता. त्या वर्षी, २०१२ साली, शहरातल्या शाळा पर्यावरणपूरक करायचे ठरले. ओल्या कचऱ्याला खड्डा, हात धुतलेले पाणी वाफ्यांना, सकाळपाळीत ट्यूबलाइट बंद. शाळेतले हे काम राजदीपकडे आले, कारण सभेत ‘नको’ म्हणणे त्याला जमले नाही.

ट्यूबलाइट बंद झाल्या त्या दिवसापासून चौथ्या खोलीत त्याला फळा नीट दिसेना. त्याबद्दलच्या परिपत्रकात सोय होती : उजेड अडत असल्यास अडथळा नोंदवावा, तो दूर केला जाईल. त्याने सोबतच्या नमुन्यातल्या अडथळ्याच्या रकान्यात ‘जांभळाचे झाड’ असे लिहिले आणि दोन दिवस सही न करता कागद खिशात बाळगला. झाडे राखण्यासाठी निघालेल्या कागदावर आपण झाड तोडायला लिहिले, हे त्याला कळत होते. पण मुलांनी अंधारात बसावे काय? आणि मुलांना अंधार वाटतो, हे आपल्याला कुणी सांगितले? या दोन प्रश्नांच्या मध्ये तो सारखा येरझारा घालीत राहिला.

त्याने एका सहकाऱ्याला सल्ला विचारला आणि बातमी खिचडी शिजवणाऱ्या जमुनाबाईपर्यंत गेलीच. हातातला झारा तसाच घेऊन ती त्याच्यासमोर आली.

“काऊन जी सर, त्या झाडानं तुमचं काय बिघडवलं? पोरं त्याच्याच खाली जेवून राहिली, अन् तुमी त्याले तोडाले निघाले.”

खोलीत उजेड येत नाही, असे तो पुटपुटला. तिने दारातून आत डोकावून पाहिले आणि एवढ्या उजेडात बसून मी तांदळातले खडे निवडीन, असे सांगून ती चुलीकडे परत गेली.

मुख्याध्यापक टेकचंद पटले सरांनी वाद घातला नाही. पोरांनाच विचारू, म्हणाले. शेवटच्या बाकावरच्या चंचलला त्यांनी उभे केले. पुस्तकातला धडा तिला पाठ असेल, असे वाटून राजदीपने फळ्यावर मनची दोन वाक्ये लिहिली. चंचल अडखळली. मान तिरपी करून बघू लागली.

“दिसत नाही ना?” राजदीपने विचारले. आपल्या आवाजात आशा होती हे ध्यानात येऊन तो ओशाळला.

“दिसते ना सर. पण तुमी एका ओळीवरच दुसरी ओळ लिहून ठेवली.”

वर्ग हसला. पटले सर हसले नाहीत. त्यांनी मुलांना मैदानात पाठवले आणि शांतपणे म्हणाले, “देखो राजदीप, तुमी लिहाल तसंच मी पुढं पाठवीन. पण दस्तखत तुमचे राहील.”

ते कार्यालयात गेले. राजदीप पहिल्या खोलीत गेला; तिथे उन्हात भिंतीवरचा बारीक तक्ताही त्याला वाचता आला. परत चौथ्या खोलीत आला, तर कडेचे बाक विरून गेले आणि मधल्या एकाच्या कोपऱ्यावर त्याचा गुडघा आपटला. पानेच दाट, त्याने स्वतःला समजावले. मग त्याला देवीदासमामा आठवला, तिशीतच ज्याला बांधावरून हात धरून आणावे लागे. दिवाळीत राजदीपने घरातल्या बल्बची तक्रार केली तेव्हा आई त्याच्याकडे बघत राहिली होती. “तुझा मामाबी आधी दिव्यालेच नावं ठेवे,” एवढेच ती म्हणाली. माझे तसे नाही, असे तेव्हा त्याने तिला रागाने सांगितले होते.

बाहेर जांभळाखाली मुलांच्या पंगती बसत होत्या. त्याने खिशातला कागद काढला, खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि त्यावर अगदी ओणवून झाडाचे नाव खोडले. मग तो कार्यालयात गेला.

पटले सरांनी कागद पाहिला. मग अडथळा काय लिहू, असे त्यांनी विचारले. नेहमी जपून पुस्तकी भाषा बोलणाऱ्या राजदीपच्या तोंडी घरची बोली आली.

“खोलीत उजेड आहे, सर. मले कमी दिसते.”