छत्रीवाला वाचला का?

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. दोन्ही बाजूंनी सरकून मिटणारी लाकडी दारं, चार पाय आणि एक आंधळी काच, एवढाच मी आता उरलो आहे. लीलाच्या घरी, माळ्यावर, गुंडाळलेल्या चटयांच्या शेजारी मी उभा असतो. तिची मुलं कधी वर आली की माझ्या काचेवर टिचकी मारतात आणि विचारतात, "आई, हा टाकून का देत नाहीस?" लीला त्यांना खाली पिटाळते. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यात झाला. लांब टेबलांपाशी बसलेल्या मुलींनी माझ्या तारा जोडल्या. माझ्या काचेवर पहिलं चित्र उमटलं तेव्हा त्यांच्यातली एक हसली होती, ते मला आठवतं. मग भाताच्या पेंढ्यात बसून, टेम्पोतून धक्के खात मी वसईजवळच्या भुईगावात आलो. सन ऐंशी नुकतं उलटलं होतं.

मला आणलं ते दयाराम यांनी. त्यांची वाडी होती. वाडीत पानवेली, केळी आणि मधोमध पावसाचं पाणी साठवणारं बावखल. शिक्षण मराठी सातवीपर्यंत, पण जगात काय चाललं आहे हे जाणून घ्यायची भूक मोठी. शेजारचा आल्बर्ट कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून त्याची बायको मटिल्डा ओरडायची, "आलं, आलं. गेलं. अरे मेल्या, होता तिथेच ठेव ना." अशी माझी सेवा व्हायची. संध्याकाळी घरापुढची ओटी माणसांनी भरून जायची. दयाराम माझी दारं स्वतः उघडायचे, स्वतः मिटायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी एक इंग्रजी मालिका लागायची. विलायतेतल्या एका समुद्रकाठच्या गावात खून होत होते आणि एक पिकल्या केसांचा, सडपातळ इन्स्पेक्टर त्यांचा छडा लावत होता. तो ऊन असो की पाऊस, हातात छत्री घेऊन फिरायचा. भुईगावात त्याचं नाव छत्रीवाला पडलं. ओटीवर इंग्रजी फक्त दयारामांच्या लेकीला, लीलाला यायचं. ती वसईच्या शाळेत शिकवायची. माझ्या बाजूला उभी राहून ती एकेक वाक्य मराठीत सांगायची. ती शिंकली तरी लोक म्हणायचे, "अगं, तो काय बोलला ते राहिलं."

त्याच वर्षी दयारामांच्या पोटात पाणी झालं. हात काटकुळे झाले आणि पोट तेवढं वाढत गेलं. वसईच्या डॉक्टरांनी पाणी काढलं. ते पुन्हा भरलं. पुन्हा काढलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता घरीच राहू द्या." दयारामांची खाट ओटीवर माझ्यासमोर आली.

मालिकेचा शेवटून दुसरा भाग मी कधीच विसरणार नाही. खुनी दुसरा कुणी नव्हता, छत्रीवाल्याच्या हाताखालचा माणूसच होता. त्याने छत्रीवाल्याला बंदराच्या धक्क्याखालच्या एका भुयारात साखळीने बांधलं आणि तो निघून गेला. बाहेर भरती लागली. पाणी आत शिरलं. गुडघे, कंबर, छाती. छत्रीवाल्याने वर पाहिलं. दगडांच्या फटीतून अर्धा चंद्र दिसत होता. आणि तिथेच चित्र गोठलं. माझ्या काचेवर पांढरी नावं सरकू लागली.

 मी बिघडलो असं वाटून आल्बर्टने माझ्या कुशीत एक थापड मारली. मटिल्डाने छातीवर क्रुसाची खूण केली.

"असं कुठे थांबवतात होय?" ती म्हणाली. "आता आठवडाभर जेवण कसं जायचं?"

दयारामांच्या शेजारच्या वाडीतले गंगाराम विडी शोधत म्हणाले, "इंग्रज गेले, पण छळायचं सोडलं नाही. मेला समजा बिचारा."

"मरत नाही," खाटेवरून दयाराम म्हणाले. "चंद्र पाहिलात ना? अर्धा होता. म्हणजे अष्टमी. अष्टमीला भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही."

"विलायतेचा समुद्र भुईगावचं ऐकतो का, दयाराम?"

"चंद्र तर एकच आहे ना, गंगाराम?"

गंगारामांनी विडी शिलगावली. समुद्रकाठचीच माणसं ती. पुनवेचं उधाण आणि अष्टमीचा भांग त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. सगळ्यांनी मनात हिशेब केला आणि छत्रीवाल्याला छातीभर पाण्यात, पण जिवंत ठेवून ती माणसं घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून गावात दुसरा विषय नव्हता. बावखलावर धुणं धुताना, पानं खुडताना, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळीकडे भांग की उधाण एवढंच. मटिल्डाने छत्रीवाल्याला आपल्या रोजच्या रोझरीच्या प्रार्थनेत घेतलं होतं. "फादरांना सांगू नकोस हां, बाय," ती लीलाला म्हणाली. "त्यांना कळलं तर म्हणतील, मटिल्डा खुळी झाली."

दयाराम मात्र बोलेनासे झाले. पोटावर हात ठेवून पडून असायचे. एका दुपारी त्यांनी लीलाला जवळ बोलावलं.

"लीला, त्याचं पाणी उतरलं ना, की माझंही उतरेल बघ."

लीलाने पुष्कळ पुस्तकं वाचली होती. अशा बोलण्याला काही अर्थ नसतो हे तिला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "उतरेल, बाबा." मग ती मागच्या दारी गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

मधेच वसईहून निरोप आला. दयारामांचे चुलतभाऊ रामचंद्र वारले. भावकीतला माणूस गेला, म्हणजे घराला सुतक आलं. दयारामांच्या पत्नी विमलाबाई यांनी माझी दारं मिटली आणि वर चादर टाकली. सुतकात टीव्ही लावत नाहीत.

"विमल," दयाराम म्हणाले, "शुक्रवारी थोडा वेळच लाव."

"नाही."

"आवाज बारीक ठेवू."

"घरात आजारी माणूस आहे," विमलाबाई म्हणाल्या. "मला कसलाही दोष लागायला नको आहे. तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडे बघू?"

मित्रांनो, त्या कठोर नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. चादरीखाली मला दिसत काहीच नव्हतं. रात्रंदिवस दयारामांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

तोड काढली मटिल्डाने. कुंपणापलीकडून ती म्हणाली, "विमलाबाय, सुतक तुमाला, या पेटीला नाय. ही आमच्या घरी पावणी म्हणून येऊ दे. पावण्याला कसलं सुतक?"

विमलाबाईंनी उंबऱ्यातून खाटेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "न्या. मी पाहिलं नाही." आणि त्यांनी पाठ फिरवली.

अशा रीतीने मी मटिल्डाच्या पडवीत गेलो. दयारामांना उचलणं आता शक्य नव्हतं. त्यांची खाट आतल्या खोलीत, कुंपणाकडच्या खिडकीशी सरकवली. तिथून त्यांना मी दिसत नव्हतो. फक्त ऐकू येत होतो. लीला कुंपणाशी उभी राहिली. एका बाजूला माझी काच, दुसऱ्या बाजूला बापाची खिडकी.

शेवटचा भाग सुरू झाला. लीला मोठ्याने सांगू लागली. "बाबा, त्याची मुलगी त्याला शोधत निघाली आहे. धक्क्यापाशी आली. हाका मारते आहे."

पाणी छातीच्या वर चढलं. मग गळ्यापाशी. भांगाचा हिशेब विलायतेत कुणी केलेला नव्हता. मुलगी भुयाराच्या तोंडाशी पोचली तेव्हा आत फक्त काळं पाणी हलत होतं आणि त्यावर छत्री तरंगत होती. पुढच्या चित्रात लोक त्याला बाहेर काढून फळीवर निजवत होते. कुणीतरी त्याच्या तोंडावर कोट ओढला.

मी काय करणार होतो? माझ्या तारांतून जे येईल ते दाखवणं, एवढंच माझं काम. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण बिघडावं. मी बिघडलो नाही. आयुष्यात कधी नव्हतं इतकं स्वच्छ चित्र त्या संध्याकाळी आलं.

"लीला?" खिडकीतून आवाज आला. "काय झालं?"

 पडवीतली सगळी माणसं तिच्याकडे पाहत होती.

"वाचला का?"

"पाणी उतरलं, बाबा," ती म्हणाली. "छातीपर्यंत आलं आणि उतरलं."

 मग मटिल्डा माझ्या काचेकडे, त्या कोटाखालच्या माणसाकडे बघत मोठ्याने म्हणाली, "उठून बसला बघ. थरथरतोय नुसता. अरे, कुणीतरी चहा द्या त्याला."

"पोरगी गळ्यात पडली त्याच्या," आल्बर्ट म्हणाला. आवाज फुटला म्हणून तो खोकला.

 माझ्यातून व्हायोलिनचे लांब, रडवे सूर येत होते. ते मला थांबवता येत नव्हते.

"मग हे रडकं काय वाजवतायत?" दयारामांनी विचारलं.

 गंगाराम म्हणाले, "इंग्रज आनंदातसुद्धा असंच वाजवतात, दयाराम. त्यांची लग्नं ऐकलीस तर उठून पळशील."

खिडकीतून हसण्याचा आवाज आला. मग खोकला. मग पुन्हा हसणं. "मी म्हटलं नव्हतं?" ते म्हणत होते. "भांग होता. भांग." गंगाराम खांबाकडे तोंड करून उभे राहिले.

त्यानंतरचे दिवस पडवीतून मी ऐकत होतो. ती सगळी मिळून छत्रीवाल्याला जगवत होती. दयाराम विचारत, "इतका वेळ थंड पाण्यात होता, ताप नाही आला?" लीला म्हणे, "आला, बाबा. पण उतरला." मटिल्डा पेज घेऊन जाई आणि सांगे, "आता काठीशिवाय चालतो." गंगारामांनी तर खुन्याला जन्मठेप देऊन टाकली. दयाराम पेज घेत नव्हते, ऐकत मात्र होते.

पुढचा शुक्रवार यायच्या आत, एका दुपारी ते गेले.

शुक्रवारी संध्याकाळी मटिल्डाच्या पडवीत कुणी आलं नाही. मी काळा, गप्प उभा होतो. लीला कुंपणाशी आली आणि सवयीने तिथेच थांबली. तेवढ्यात खिडकीतून विमलाबाईंचा आवाज आला. त्या मालिका कधी बघत नसत. त्या दिवशी त्या खाटेशी बसलेल्या होत्या आणि पडवीत काय दिसलं हे त्यांना कुणी सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नाही.

"लीला," त्या म्हणाल्या, "आज शुक्रवार ना? त्या माणसाचं काय झालं पुढे?"

लीलाने दोन्ही हातांनी कुंपण धरलं. माझ्या काळ्या काचेकडे पाहिलं. मग ती सांगू लागली. तो घरी आला आहे. दारात बसतो. मुलगी शाळेतून येईपर्यंत वाट पाहतो. अंधार पडेपर्यंत ती सांगत राहिली आणि आतून मधूनमधून "हं" येत राहिलं.

मित्रांनो, माझी काच पुसू नका, मला खाली उतरवू नका. माझ्याकडे आता दाखवण्यासारखं काही नाही. पण तुमच्या घरात खाटेवरून कुणी विचारत असेल, "पुढे काय झालं?" तर हातातलं काम ठेवा आणि जवळ जाऊन बसा. त्या माणसाकडे फार शुक्रवार नसतात.